मैत्रीण या शब्दाच्या पुढे : दोन तरुणींच्या प्रेमाची चित्रकादंबरी कशी रचावी

दोन मुली एकाच स्कूटीवरून कॉलेज रोडला फिरल्या, परीक्षेच्या अभ्यासासाठी एकीने दुसरीच्या घरी आठ-आठ दिवस मुक्काम केला, एकीची वेणी दुसरीने घातली, तरी नाशिकमध्ये कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. 'तिची मैत्रीण आहे' एवढे सांगितले की शेजारच्या काकूंपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सर्वांचे समाधान होते. मुलगा आणि मुलगी यांच्या प्रेमकथेत चोरून भेटण्याला जे महत्त्व असते ते या कथेत नसते, कारण इथे भेटायला कोणाची आडकाठीच नाही. अडचण निराळी आहे. मनात जे वाढते आहे त्याला 'मैत्रीण' हा शब्द पुरेनासा होतो आणि दुसरा शब्द त्या घरात कोणी कधी उच्चारलेला नसतो. वयात येणाऱ्या दोन तरुणींच्या प्रेमावर मराठीत चित्रकादंबरी, म्हणजे चौकटींतल्या चित्रांनी आणि फुग्यांतल्या संवादांनी सांगितलेली कादंबरी, करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, असे मला वाटते; पुढच्या सगळ्या पायऱ्या, अगदी अक्षरांच्या आकारापर्यंतच्या, तिच्यावरच उभ्या आहेत.

नोकरी सांभाळून केलेल्या माझ्या ११२ पानांच्या पुस्तकाला अडीच वर्षे लागली. त्यातले काही माझ्या आयुष्यातले आहे, बरेचसे नाही. त्या अडीच वर्षांत जे हाताला लागले आणि जे चुकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी : तो एक क्षण शोधणे

कथानक लिहायला लगेच बसू नये. आधी एक साधी वही घ्यावी आणि महिनाभर तीत फक्त असे प्रसंग टिपावेत, ज्यांत बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ मैत्री दिसते आणि त्या दोघींपैकी एकीला तरी दुसरे काही जाणवलेले असते. उदाहरणार्थ, एकमेकींचे कपडे घालणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. पण परत आलेली ओढणी न धुता कपाटात घडी करून ठेवणे ही रोजची गोष्ट नाही. असे वीस-पंचवीस प्रसंग जमले की त्यांतून एक निवडावा, जिथून मागे फिरणे शक्य उरत नाही. तो पुस्तकाचा साधारण एक तृतीयांश भाग झाल्यावर यावा. फार लवकर आला तर वाचकाला दोघींची मैत्री जगायला मिळत नाही, आणि मैत्री न जगलेल्या वाचकाला ती अपुरी पडल्याचे दुःखही कळत नाही.

दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातली घटना वापरायची असेल तर तिची परवानगी घ्यावी आणि ती दिल्यावरही गाव, महाविद्यालय, घरातल्या माणसांची संख्या, व्यवसाय हे सारे बदलावे. नाशिक मोठे शहर असले तरी ओळखीचे धागे तीन घरांत जुळतात. एखादी मुलगी आपल्या पुस्तकामुळे तिच्या घरी उघडी पडली, तर ते पुस्तक कितीही देखणे असले तरी माझ्या लेखी ते वाया गेले.

कथा कोण सांगते आहे, हेही याच टप्प्यावर ठरवावे. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले, तेव्हा मराठी प्रेक्षकासमोर हा विषय आणणे हेच मोठे धाडस होते. त्या नाटकात मित्रा या नायिकेची गोष्ट तिचा मित्र बापू सांगतो आणि तिचा शेवट मृत्यूत होतो. आज लिहिणाऱ्याने हे दोन्ही निर्णय नव्याने घ्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चित्रकादंबरीत निवेदनाची चौकट आणि चित्र या दोन स्वतंत्र वाटा असतात, त्यामुळे नायिका स्वतः सांगू शकते, आणि ती जे सांगायचे टाळते ते चित्र दाखवू शकते. निवेदनात 'त्या दिवशी विशेष काही झाले नाही' असे लिहिलेले असावे आणि चित्रात तिने बसचे तिकीट पुस्तकात जपून ठेवलेले दिसावे. गद्य कादंबरीला हे सहज जमत नाही. शेवटाबद्दल एवढेच सांगते की अशा प्रेमकथांतल्या मुलींना लेखकांनी आजवर पुष्कळ वेळा मारले आहे. दोघी वेगळ्या झाल्या तरी चालेल, पण त्या जगाव्यात आणि पुस्तक मिटल्यानंतरही त्यांचे वय वाढत राहील, असे वाचकाला वाटावे.

दुसरी पायरी : वय, साल आणि कायदा

दोघींची वये अठराच्या पुढची ठेवावीत. माझ्या पुस्तकात एक एकोणीस वर्षांची आणि दुसरी वीस वर्षांची आहे. शाळेतल्या आठवणी, वर्गातली ओढ, बाकावर कोरलेले नाव हे सगळे मागे वळून दाखवता येते. पण शारीरिक जवळीक दाखवणारी चित्रे केवळ सज्ञान पात्रांचीच असावीत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ही मर्यादा मला योग्यच वाटते.

कथा कोणत्या साली घडते, हे नेमके ठरवावे, कारण त्यावर पात्रांची भीती अवलंबून असते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्पर संमतीने असलेले समलिंगी संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे २०१७ मधली नायिका 'हा गुन्हा आहे' या धाकात असेल, २०१९ मधली तो धाक नुकताच उतरल्याच्या आनंदात असेल आणि २०२४ मधली 'गुन्हा नाही, पण नातेही नाही' अशा मधल्या जागेत उभी असेल. घरचे तिला डॉक्टरकडे घेऊन जातात, असा प्रसंग घालायचा असेल तर भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली समलैंगिकता हा आजार नाही असे जाहीर केले आहे, हे लक्षात ठेवून त्या डॉक्टरच्या तोंडचे वाक्य लिहावे. तो डॉक्टर जुन्या समजुतीचा दाखवायचा असला, तरी तो चुकतो आहे हे लेखकाला ठाऊक असल्याचे पानावर दिसले पाहिजे.

तिसरी पायरी : नाशिकचे वर्ष

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. वयात येण्याच्या कथेला काळ लागतो, आणि काळ पुढे सरकल्याचे चित्रात दाखवायला 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी लिहिणे हा सर्वांत दुबळा उपाय आहे. त्याऐवजी शहराचे वर्ष वापरावे.

माझ्या दोघींपैकी एक जुन्या नाशिकमधल्या वाड्यात वाढलेली आहे आणि दुसरी दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी असून शिक्षणासाठी गंगापूर रोडला खोली घेऊन राहते. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तीत वेलीवर पुढच्या हंगामासाठी काड्या तयार होतात. पावसाळा सरताना गोडी छाटणी होते आणि तिच्यानंतर साधारण चार महिन्यांनी द्राक्षे काढणीला येतात. कथा मी एका गोडी छाटणीपासून तिच्यानंतरच्या दुसऱ्या खरड छाटणीपर्यंत, म्हणजे सुमारे दीड वर्षाची ठेवली. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्री शेकोट्या पेटवतात. त्या धुरात दोघी पहाटेपर्यंत जाग्या राहिलेल्या आहेत, हे प्रकरण मला वेगळे शोधावे लागले नाही, ते त्या हंगामातच होते. पात्र कोणत्याही घरातले घ्यावे, पण त्या घराचे काम वर्षभर कसे चालते हे तिथे जाऊन पाहावे आणि हातांची रेखाटने करावीत. छाटणीची कात्री धरलेला हात आणि पेन धरलेला हात निराळा दिसतो.

शहरातल्या जागा निवडताना ओळखीची देखणी स्थळे लागोपाठ मांडू नयेत. रामकुंड, पांडवलेणी आणि सोमेश्वर एकाच प्रकरणात आले की पुस्तक पर्यटनाच्या पत्रकासारखे दिसू लागते. त्या दोघींना जिथे बसायला परवडते आणि जिथे कोणी उठवत नाही, अशा जागा शोधाव्यात. १८४० साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयातल्या लाकडी खुर्च्या, कुसुमाग्रज स्मारकाच्या पायऱ्या, सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकावरचा फलाट, नाशिक रोड स्थानकावर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेससाठी पासधारकांची लागलेली रांग, अशा जागांवर माणसे थांबतात आणि थांबलेली माणसे बोलतात. प्रत्येक जागी सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला असे तीन वेळा जाऊन रेखाटन करावे. छायाचित्र फक्त आठवणीसाठी घ्यावे, अनोळखी माणसाचा चेहरा छायाचित्रावरून जसाच्या तसा काढू नये.

रंगपंचमीचा मात्र मी मुद्दाम मोठा उपयोग केला. जुन्या नाशिकमध्ये पेशवेकालीन दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या बुजवलेल्या असतात, रस्त्यावरून जाणाऱ्याला पायाखाली काय आहे ते कळतही नाही. रंगपंचमीसाठी त्या उघडतात, त्यांत रंग तयार करतात आणि लोक त्यांत उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. वर्षभर जमिनीखाली झाकलेला आणि एका दिवसासाठी उघडणारा रंग या कथेला जितका जवळचा आहे, तितके दुसरे काही मला या शहरात सापडले नाही. माझे संपूर्ण पुस्तक काळ्या आणि करड्या रंगात आहे. रहाडीच्या पानांवर तेवढा पिवळा येतो.

चौथी पायरी : बोलण्यातले लिंग

मराठीत क्रियापद आणि षष्ठीचा प्रत्यय माणसाचे लिंग लगेच उघड करतात. इंग्रजीत किंवा बंगालीत लिहिणाऱ्याला ही अडचण अशी येत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे ती या विषयाची सर्वांत मोठी देणगी आहे. आई पोळ्या लाटता लाटता विचारते, 'आहे का कोणी मनात? कुठला आहे?' त्या 'कुठला' मध्ये तिने मुलगा गृहीत धरला आहे. नायिकेला खोटे बोलायचे नाही आणि खरेही सांगायचे नाही. 'नाशिकचाच' म्हटले तर खोटे, 'नाशिकचीच' म्हटले तर सगळे एका वेलांटीत उघडे. माझ्या पानावर ती 'नाशिकच…' एवढेच म्हणते, पुढच्या चौकटीत पोळपाटावर थांबलेले लाटणे आहे, आणि त्यानंतरच्या चौकटीत ती म्हणते, 'इथलंच गं, सोड ना.' नपुंसकलिंगात लपलेले ते 'इथलंच' मला माझ्या स्वतःच्या तोंडून ऐकू आलेले आहे. संवाद लिहिताना अशा जागा पेन्सिलने अधोरेखित कराव्यात. नायिका कोणत्या प्रकरणापर्यंत लिंग लपवते आणि कोणत्या वाक्यात पहिल्यांदा 'ती' म्हणते, हे ठरले की पुस्तकाचा कणा तयार होतो.

नात्यांच्या हाकांकडेही असेच पाहावे. दिंडोरीची मुलगी वाड्यातल्या आईला पहिल्या दिवसापासून 'काकू' म्हणते आणि काकू तिला 'अगं, जेवल्याशिवाय जायचं नाही हं' असे दटावतात. सगळे कळल्यानंतरही तिने त्यांना 'काकू'च म्हणावे, कारण दुसरी हाक उपलब्धच नाही. फक्त आधीची 'काकू' आणि नंतरची 'काकू' यांत चौकटीचा आकार, दोघींमधले अंतर आणि काकूंच्या हातातले काम बदलावे. आईच्या तोंडी 'लोक काय म्हणतील' हे वाक्य घालण्याचा मोह टाळावा. ते इतके वापरून झाले आहे की त्यातून कोणतीच आई दिसत नाही. माझ्या पुस्तकातली आई रागावून एक शब्दही बोलत नाही. रोज दोघींसाठी शेजारी शेजारी दोन ताटे वाढली जातात, त्या रात्री एकच वाढलेले असते, आणि दुसरे ताट मांडणीवर उभे करून ठेवलेले दिसते.

या प्रेमाला नाव देणारा शब्दही विचारपूर्वक वापरावा. 'समलैंगिक' हा शब्द वर्तमानपत्रात आणि न्यायालयात शोभतो, एकोणीस वर्षांची मुलगी आरशासमोर तो उच्चारेल असे मला वाटत नाही. ती बहुधा 'लेस्बियन' हा शब्द मोबाईलवर टाइप करून पुसेल. तो पुसण्याचा प्रसंग तीन लहान चौकटींत दाखवता येतो.

पाचवी पायरी : एक पान रचून पाहणे

सगळी पटकथा पूर्ण होण्याची वाट न पाहता निवडलेल्या क्षणाचे एक पान आधी रचून पाहावे. माझ्या पुस्तकातले एक्केचाळिसावे पान उदाहरण म्हणून सांगते.

पावसाळा आहे, गंगापूर धरणातून पाणी सोडलेले आहे आणि निम्मे शहर अहिल्याबाई होळकर पुलावर पूर पाहायला उभे आहे. नाशिकमध्ये पुराची उंची कोणी मीटरमध्ये सांगत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला पाणी लागले, असे विचारतात. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांच्या आठवणी याच मापात आहेत. पहिली चौकट पानाच्या पूर्ण रुंदीची आहे, तीत गढूळ पाणी आणि कमरेपर्यंत बुडालेला मारुती आहे. दुसरीत छत्र्या आणि पाठमोरी गर्दी दिसते, कुठून तरी 'छातीला लागलं का हो?' असा फुगा येतो. तिसऱ्या चौकटीत गर्दीचा रेटा येतो आणि एकीने दुसरीचे मनगट घट्ट धरलेले दिसते, जे अशा गर्दीत कोणीही धरेल. चौथीत पुन्हा मारुती, आता पाणी छातीपाशी. पाचवीत गर्दी पांगलेली आहे, पुलावर मोकळी जागा आहे, आणि मनगट अजून धरलेलेच आहे. सहावीत दोघींचे चेहरे नदीकडे आहेत, एकजण म्हणते, 'चल, काकू वाट बघत असतील', आणि कोणीच हललेले नाही. पान इथे संपते. उलटल्यावर पूर्ण पानभर फक्त हात आहेत, ओल्या बांगड्या आणि मनगटावर उमटलेल्या बोटांच्या खुणा.

हे पान विषम क्रमांकाचे, म्हणजे उजव्या हाताचे आहे. आपल्या पुस्तकांत वाचक उजवे पान संपवून उलटतो, म्हणून जे एकदम दिसावे असे वाटते ते नेहमी सम क्रमांकाच्या डाव्या पानावर ठेवावे; समोरासमोरच्या पानांवर ठेवले तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाते. सर्व ११२ पानांचे हे गणित काडेपेटीएवढ्या लहान कच्च्या चित्रांत आधीच मांडून घ्यावे. ती चित्रे एका मोठ्या कागदावर जोडीजोडीने काढली की कुठे कथा रेंगाळते आणि कुठे धावते ते भिंतीवर लावल्यावर लांबूनही कळते. माझी अठरा पाने याच टप्प्यावर गळाली.

एका पानावर चार ते सहा चौकटी आणि एका फुग्यात वीस शब्दांपेक्षा कमी मजकूर, हे प्रमाण मला मानवले. आवाजांसाठी मराठीला बाहेर जावे लागत नाही. फोडणीचे 'चर्रर्र', जुन्या पंख्याचे 'खटक खटक', कडीचे 'खुट्ट', पुराचे 'घों घों' आणि रहाडीतले 'धप्प' हे शब्द चित्राचाच भाग म्हणून हाताने रेखावेत.

सहावी पायरी : चित्रांचे काम

छापील आकार ए-फाइव्ह, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर ठरवला असेल तर मूळ चित्र दीडपट, म्हणजे २२२ बाय ३१५ मिलिमीटर काढावे; ते ए-थ्री कागदावर समासासह बसते आणि लहान केल्यावर रेषा नीट दिसते. असे चित्र ४०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ४०० ठिपके या प्रमाणात, स्कॅन केले की छापील आकारात ते ६०० डीपीआयचे होते, आणि काळ्या रेषेसाठी एवढे पुरेसे आहे. पेन पाण्याने न पसरणाऱ्या शाईची घ्यावीत. संगणकावरच काढायचे असेल तर क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. आठवड्याला दोन पाने हा वेग नोकरी करणाऱ्याला झेपतो. ११२ पानांना त्या हिशेबाने ५६ आठवडे लागतात, आणि आजारपण, सणवार, लग्नसराई धरून त्यांत निम्मी भर घालावी.

दोघींची शरीरे काढताना एक काळजी घ्यावी. आपण सर्वांनी पाहिलेल्या जाहिराती आणि सिनेमे हातात इतके मुरलेले असतात की रेषा नकळत पाहणाऱ्या पुरुषाच्या नजरेने वळते. मी सुरुवातीची बारा पाने या कारणाने फाडली. त्यानंतर प्रत्येक जवळिकीच्या चौकटीआधी ही चौकट कोण पाहते आहे, हे समासात लिहून ठेवू लागले. ती पाहत असेल तर तिला दिसेल ते केसांना लावलेले तेल, ओढणीला टोचलेली सेफ्टी पिन, मानेवर पडलेली पट्ट्याची खूण, कोपराचा कोरडा भाग.

सातवी पायरी : अक्षरे

या पायरीवर मराठी चित्रकादंबऱ्या सर्वाधिक फसतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा बरीच जास्त जागा सोडावी लागते आणि फुगाही उंच काढावा लागतो. म्हणून चौकटीत आधी फुग्याची जागा आखावी आणि मग माणसे काढावीत. उलट केले तर डोके किंवा मात्रा, दोन्हींपैकी काहीतरी कापले जाते. जोर देण्यासाठी शब्द ठळक किंवा मोठा करावा, खाली रेघ ओढू नये, ती उकारांवरून जाते.

हस्ताक्षर सुवाच्य असेल तर हातानेच लिहावे, त्याहून चांगले काही नाही. टंक, म्हणजे संगणकावरचा फॉन्ट, वापरायचा असेल तर कलम हा हस्ताक्षरासारखा देवनागरी टंक आणि मुक्ता, बालू हे टंक खुल्या परवान्यावर मोफत मिळतात. पुष्कळ टंकांत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची येतात; सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावर, टंकात सोय असेल तर ती मराठी वळणाची होतात. अक्षरे बसवण्यासाठी मी इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरते, त्यात जोडाक्षरे नीट जुळतात. फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी मजकुराच्या पर्यायांत दक्षिण आशियाई भाषांची मांडणी आधी सुरू करावी, नाहीतर अक्षरे सुटी पडतात. कोणताही टंक स्वीकारण्याआधी 'दुसऱ्या, तुझ्या, हृदय, ज्ञान, सर्व, ॲप, ऑफिस' हे शब्द छापून पाहावेत. 'दुसऱ्या' मधला अर्धा र नीट आला तर बहुतेक सगळे नीट येते.

माझा नमुना पहिल्यांदा छापून आला तेव्हा छापखान्याच्या संगणकावर टंक बदलला गेला होता. अडीच पानांचा संवाद मोडला होता आणि ज्या चौकटीत नायिका पहिल्यांदा उघडपणे 'नाशिकचीच आहे ती' म्हणते, तिथे वेलांटी च पासून तुटून शेजारी एकटी उभी होती. सगळे पुस्तक ज्या एका वेलांटीसाठी केले तीच अशी पाहून मला तिथेच रडू आले. त्यानंतर मी मजकुराचे आकृतीत रूपांतर केल्याशिवाय कोणतीही पीडीएफ बाहेर पाठवत नाही, आणि पहिला नमुना कागदावर छापून, मोठ्याने वाचूनच सही करते.

आठवी पायरी : पहिले वाचक

छपाईआधी हस्तलिखिताच्या चार-पाच झेरॉक्स प्रती काढाव्यात. त्यांतल्या दोन तरी अशा स्त्रियांना द्याव्यात ज्या स्वतः स्त्रीवर प्रेम करतात, आणि एक अशा बाईंना द्यावी ज्यांना लग्नाच्या वयाची मुलगी आहे. पहिल्या दोघी काय खोटे वाटते ते सांगतात आणि तिसऱ्या बाई आईचे पात्र कुठे अन्यायाने रंगवले आहे ते सांगतात. माझ्या पुस्तकातले उभे करून ठेवलेले ताट मला अशाच एका बाईंनी दिले. त्या म्हणाल्या, 'मी असते तर ओरडले नसते, पान वाढलं नसतं.'

नववी पायरी : छपाई आणि नोंद

पानसंख्या सोळाच्या पटीत ठेवावी; छापखान्यात एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात, आणि ११२ पाने म्हणजे बरोबर सात फॉर्म होतात. रंगीत पाने सगळीकडे विखुरली तर खर्च वाढतो, म्हणून ती एकाच फॉर्ममध्ये येतील अशी कथेची आखणी करावी. माझी रहाडीची पाने पाचव्या फॉर्ममध्ये आहेत आणि त्यासाठी मला एक प्रकरण अलीकडे ओढावे लागले. कागद १०० जीएसएमच्या आसपासचा घ्यावा, पातळ कागदावर मागच्या पानाची काळी शाई दिसते. चित्र पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचे काढावे.

मोठ्या प्रकाशकाकडे जायचे असेल तर सोळा पूर्ण पाने, सर्व पानांचा कच्चा आराखडा आणि दोन पानी सारांश एवढे पुरते. स्वतः छापायचे असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून पुस्तकाचा आयएसबीएन हा ओळख क्रमांक विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते. निर्मिती होताच स्वामित्वहक्क आपोआप मिळतो आणि नोंदणी ऐच्छिक आहे, पण चित्रकार आणि लेखक वेगळे असतील तर हक्कांची वाटणी कागदावर आधीच लिहून घ्यावी.

मागच्या पृष्ठावरचा मजकूर स्वतः लिहावा आणि त्यात विषय आडवळणाने झाकू नये. 'दोन मैत्रिणींची हळुवार कथा' असे छापले तर ज्या मुलीला हे पुस्तक हवे आहे तिला ते सापडणार नाही. 'दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात' असे सरळ छापावे. शहरातल्या वाचनालयांना प्रत भेट देताना नोंदीच्या कार्डावर वर्गवारी विचारली जाते. माझ्या वेळी एका ठिकाणी ती 'सामाजिक समस्या' अशी लिहिली गेली होती. मी विनंती करून ती बदलून घेतली. आता ते पुस्तक कादंबऱ्यांच्या कपाटात आहे.